एकसष्टाचा हट्ट

१७६६३१९०४९. एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. ही संख्या वाचकांनी एकदा सावकाश वाचावी, कारण हिच्यासाठी दोन खंडांतल्या विद्वानांनी डोके शिणविले आहे.

प्रश्न दिसायला पोरखेळाचा. शून्य सोडून असा वर्ग सांगा, की त्याला ६० ने गुणून १ मिळविला तर पुन्हा वर्गच यावा. उत्तर सोपे: ४ चा वर्ग १६, गुणून एक मिळविला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतले तरी ८ आणि ६३ वर काम भागते. पण मधले ६१ मोठे हट्टी! तेथे सर्वांत लहान उत्तर आहे २२६१५३९८०, आणि त्याच्या जोडीला आपली दहा अंकी संख्या.

हे उत्तर भास्कराचार्यांनी ११५० साली ‘बीजगणित’ ग्रंथात दिले. ते चाचपडून सापडणारे नव्हे. त्यांनी चूक हाताशी धरली. १ च्या वर्गाला ६१ ने गुणून ३ मिळविले तर ८ चा वर्ग येतो. हवा होता १, लागले ३. ती चूक टाकून न देता तिच्यावरूनच पुढचे पाऊल टाकले: ५ आणि ३९, आता ४ वजा. पुढे ब्रह्मगुप्ताची ६२८ सालची ‘भावना’, म्हणजे दोन उत्तरांतून तिसरे घडविण्याची रीत, वापरून ते ३८०५ आणि २९७१८ या जोडीपाशी आले. येथे वजा १ उरतो. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवा, की आपली संख्या हजर! या फिरत्या रीतीचे नावच ‘चक्रवाल’. ती भास्कराचार्यांच्याही आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाला ठाऊक होती.

पुढे १६५७ साली फ्रान्समध्ये फर्माने फ्रेनिकल या गणितज्ञापुढे हेच ६१ टाकले, तेही फार त्रास नको म्हणून लहान संख्या निवडल्याचे सांगून! इंग्लंडात ब्राउंकर आणि वॉलिस यांनी अशा प्रश्नांची रीत नव्याने शोधली. कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर निघाले १८१७ साली. फर्माच्या काळी पाश्चात्त्यांना भास्कराचार्यांच्या या उत्तराचा पत्ता नव्हता.

येथे मला अभिमानाइतकीच खंत वाटते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख प्रकाशात आणला. ग्रंथ जतन झाले, टीकाही झाल्या. पण चक्रवालाची वाट नेहमी बरोबर का पोहोचते, याची सिद्धता येथे कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. असा प्रश्न प्रत्येक वेळी सुटतोच, हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले.

एका रात्री मी हे गुणाकार कागदावर करून पाहिले. दोनदा हातचा विसरलो. तिसऱ्या खेपेस एकीकडे आले ३११९८८२९८२८६०२६४४०० आणि दुसरीकडे ३११९८८२९८२८६०२६४४०१. फराळ आटोपल्यावर घरातल्या मुलांना पेन्सिल द्या आणि तो शेवटचा एक त्यांना स्वतःच सापडू द्या.