तंबाखूच्या मुळावर बंबाखू

गडहिंग्लजकडची नेसरी म्हटलं की २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस आठवतो. प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि इथेच पडले. त्याच विजापुरातून त्याआधी सत्तर वर्षांपूर्वी अकबराचा वकील असद बेग तंबाखू आणि हुक्का घेऊन आग्र्याला परतला होता. पोर्तुगीजांबरोबर आलेली ही अमेरिकी वनस्पती तोवर दख्खनमध्ये रुळली होती. १६१७ साली जहांगीराने बंदी घातली, तरी तिची वाट अडली नाही. पुढे निपाणी विडीच्या तंबाखूची मोठी पेठ झाली. गडहिंग्लज, कागलच्या रानांतही हे पीक शिरलं.

पण इथे एक शत्रू तिची वाट पाहत होता.

तंबाखूच्या ओळीत बुडख्यापाशी जमिनीतून फिकट कोंब वर येतात. त्यांना हिरवं पान नसतं, वर निळसर फुलं लागतात. हाच बंबाखू. हरितद्रव्य नसल्याने तो तंबाखूच्या मुळांत घुसून अन्नपाणी ओढतो. बी धुळीइतकं बारीक, पण एका झाडाला हजारोंनी धरतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. यजमानाच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं पोचली, तरच ते रुजतं. कोंब दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

इथे शत्रू आधीपासून होता, पीक नंतर आलं; युरोपातल्या जवसाची गोष्ट नेमकी उलटी. तिथली जवसावरची परजीवी अमरवेल पिकाबरोबरच फिरली. तिच्या बोंडांतलं बी मळणीत जवसातच मिसळे. अनेकदा दोन दाणे एकमेकांना चिकटलेले असत, त्यामुळे चाळणीलाही फरक कळत नसे. बियाण्याच्या पोत्यांतून ती अमेरिकेतही पोचली. ब्रिटनमध्ये ती पाहुणीच होती. जवसाची शेती घटली तशी तीही दिसेनाशी झाली.

बंबाखूला असा प्रवास करावा लागला नाही. त्याचं कुळ जुन्या जगातलं. परकी होती ती तंबाखू, आणि तिच्या मुळांशी त्याला आयतं घर मिळालं. तणांच्या इतिहासात परक्याला दोष देण्याची सवय इथे साफ खोटी ठरते.

फुलं येण्याआधी कोंब हाताने उपटणं हा त्यावरचा जुना आणि आजही भरवशाचा उपाय. हे कंबर मोडणारं काम बहुधा बायांच्याच वाट्याला येतं. १९८१ मध्ये निपाणीच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी तंबाखूचा भाव मागितला, तेव्हा या कष्टाची किंमतही त्या हिशेबात धरायला हवी होती. उपटलेले कोंब बांधावर टाकून चालत नाहीत; फुलावर आलेल्या कोंबात बी पिकू शकतं, म्हणून ते जाळावे लागतात. पीक बदलूनही सुटका होईलच असं नाही: त्याच रानात वांगी किंवा टोमॅटो लावले, तर बंबाखू त्यांच्याही मुळांना लागतो.