अंगरक्षकाने इटली का सोडली?

अमिताभचा ‘एक अजनबी’ मी 2005 साली थेटरात पाहिला. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, “सगळं ठीक आहे हो, पण हे बँकॉकच का?” प्रश्न रास्त होता. ज्यावरून तो बेतला तो ‘मॅन ऑन फायर’ 2004 सालचा, आणि तो घडतो मेक्सिको शहरात. त्याच्याही मागे आहे ए. जे. क्विनेल या टोपणनावाने लिहिणाऱ्या फिलिप निकल्सनची 1980 सालची कादंबरी. ती घडते इटलीत. दारूत बुडालेला जुना भाडोत्री सैनिक क्रीझी, त्याच्यावर सोपवलेली श्रीमंताघरची पोर, तिचं अपहरण आणि मग सूड. गोष्ट तीच, गाव मात्र बदलत गेलं.

मंडळी, त्या काळी इटलीत माणसं पळवणं हा धंदाच झाला होता. 1970च्या आसपासपासून पुढच्या तीस वर्षांत सहाशेहून अधिक माणसं खंडणीसाठी उचलली गेली. जुलै 1973 मध्ये रोममधून सोळा वर्षांच्या पॉल गेटीला पळवलं. आजोबा तेलसम्राट. ते म्हणाले, मला 14 नातवंडं; एकासाठी पैसे मोजले तर बाकीचीही पळवली जातील. हिशेब चोख! नोव्हेंबरात एका वर्तमानपत्राकडे टपालाने पाकीट आलं, त्यात नातवाचा कान. मग म्हातारा हलला. डिसेंबरात पोरगा सुटला.

ओलिसांना कोंडायची जागा म्हणजे कालाब्रियातला आस्प्रोमोंते डोंगर, नाहीतर सार्डिनिया बेट. कालाब्रियाच्या ‘न्द्रांगेता’ टोळ्यांनी खंडणीच्या भांडवलावरच पुढे बांधकामात आणि अमली पदार्थांच्या व्यापारात पाय रोवले.

1991 मध्ये सरकारने कायदा केला: अपहरण झालं की कुटुंबाची मालमत्ता गोठवायची, म्हणजे खंडणी देताच येणार नाही. कागदावर छान. पण जानेवारी 1992 मध्ये सार्डिनियातून सात वर्षांचा मुलगा पळवला गेला. तो जुलैत परतला, कानाचा तुकडा गमावून. त्याच्या आईला हा कायदा कसा वाटला असेल, असा विचार माझ्या मनात येतोच. तरी अपहरणं घटली हे खरं. कोकेनमध्ये पैसा जास्त आणि दगदग कमी, हेही त्याला कारण. त्यामुळे 2004 च्या चित्रपटासाठी दिग्दर्शक टोनी स्कॉटला इटली उरलीच नव्हती. ही भीती खरी वाटेल असं शहर म्हणून मेक्सिको आलं. (बँकॉकचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही!)

कादंबरीत मुलगी मरते. 2004 च्या चित्रपटात ती वाचते आणि तिच्या बदल्यात क्रीझी स्वतःला देतो. सूड दोन्हीकडे.

प्रत्यक्षात? फाब्रित्सिओ दे आंद्रे हा इटलीचा लाडका गायक. ऑगस्ट 1979 मध्ये सार्डिनियात त्याला आणि त्याच्या जोडीदारीण दोरी गेत्सीला पळवलं. चार महिने दोघं डोंगरात कैद. वडिलांनी खंडणी भरली, नाताळच्या तोंडावर सुटका झाली. पुढे खटल्यात दे आंद्रेने पहाऱ्यावरच्या गरीब माणसांना माफ केलं. सूत्रधारांना मात्र नाही.