ठेवीदारांच्या गावी

सहल म्हणजे चढण, असा आपल्या लोकांचा पक्का समज आहे. दम लागल्याशिवाय इतिहास दिसत नाही. साताऱ्याला जाऊन आलो म्हणावं, की अजिंक्यतारा चढलात का आणि सज्जनगडाच्या पायऱ्या मोजल्यात का, हे दोन प्रश्न ठरलेले. "आम्ही गाडी करून शेताशेतांतून हिंडलो," असं सांगितलं, तर समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "जमीन घ्यायचा विचार दिसतोय!"

आमचा विचार एवढाच होता, की सकाळी सातला सातारा सोडायचं आणि दिवस मावळायला सांगली गाठायची. गाडी भाड्याची आणि माहिती सांगायला एक निवृत्त गुरुजी. गुरुजी पुढच्या सीटवर बसले आणि मागच्या सीटचा आपोआप वर्ग झाला. सौ.नं दहाव्या मिनिटाला बोट वर केलं, "गुरुजी, नाश्ता कुठं?"

"आधी विहीर," गुरुजी म्हणाले.

ही लिंब गावची बारामोटेची विहीर. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून हे नाव. पायऱ्या उतरताना आपण पाण्याची वाट बघत असतो आणि समोर येतो चक्क महाल! मोठी अष्टकोनी विहीर, पलीकडे धाकटी विहीर आणि दोन्हींच्या मध्ये कोरीव खांबांची गार बैठक. (आमच्याही बँकेला तळघर आहे. तिथं जुनी लेजरं आणि झुरळं बसतात.) शिलालेखात बांधणारीचं नाव आहे, विरूबाई भोसले, आणि काळ शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724. शाहू महाराजांची कारकीर्द. खातेदाराचं नाव स्पष्ट, मुदत स्पष्ट. इतकी स्वच्छ नोंद आमच्या शाखेत मी क्वचित पाहिली आहे. पाणी मात्र गेलं आसपासच्या आमराईला.

"बाईमाणसानं बांधलीय, म्हणून टेकायची सोय आहे," सौ. म्हणाली. गुरुजींनी ही गोष्ट बहुधा कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. ते वहीत काहीतरी लिहून घेताना दिसले.

नाश्ता झाला, रहिमतपूर मागं पडलं आणि औंध आलं. यमाईच्या डोंगरावर 1938 साली उघडलेलं संग्रहालय आहे. जवळपास रेल्वेसुद्धा नाही अशा या गावात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्पही आहे. हा सगळा व्याप बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा. आपल्या वडिलांच्या पिढीला ते माहीत होते सूर्यनमस्कारामुळे. पहाटे उठवल्याबद्दल त्या पिढीतल्या मुलांचा त्यांच्यावर थोडा रागही होता.

पण त्यांनी घातलेला खरा नमस्कार वेगळाच. 21 जानेवारी 1939 रोजी या राजानं आपल्या 72 गावांचा कारभार कायदा करून प्रजेच्या हाती दिला. सल्ला गांधीजींचा, खटपट करणारे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश इंजिनियर. इंग्रज अजून इथंच होते, शेजारचे संस्थानिक गाद्या घट्ट धरून बसले होते, आणि हे गृहस्थ आपणहून खाली उतरले. आमच्याकडं रजेवर जाणाऱ्याकडून तिजोरीची किल्ली घ्यायची, तर अर्धा दिवस जातो. अधिकार आनंदानं सोडणारा अधिकारी बावीस वर्षांच्या नोकरीत मला भेटलेला नाही.

त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाही, कुलूप नाही. शेती करा आणि माणसासारखे राहा. व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरून सुचलेला. तिथं खुनी माणसावर विश्वास टाकला. आमच्या काउंटरवरच्या बॉलपेनला अजून दोरी आहे.

दुपारचं पिठलं-भाकरी अंगावर आली होती, पण वर्ग सुटला नव्हता. किर्लोस्करवाडीशी गुरुजींनी गाडी थांबवली. "हेही औंधाचंच. 1910 साली बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना हा माळ दिला. निवडुंग काढून कारखाना काढला, बघा." शेजारीच कुंडल. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे मोठं ठाणं. इंग्रजांच्या राज्यात गावोगाव न्यायनिवाडे होत होते, ते कोर्टाचा स्टँप न लावता. राजानं राज्य दिलं त्याच मुलखात लोकांनी ते स्वतः चालवूनही दाखवलं. तेव्हा हा मुलूख साताऱ्याचाच म्हणायचे. 1949 साली 'दक्षिण सातारा' जिल्हा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचं सांगली झालं. वाटणी झाली तरी ऊस आणि मिशा दोघांकडं सारख्याच आहेत.

उन्हं कलताना सांगलीजवळ हरिपूरला पोचलो. इथं कृष्णा-वारणेचा संगम आहे, पण गुरुजींनी नदीकडं पाठ करून एका साध्या रानाकडं बोट केलं. "ही पेवं." तोंड अरुंद, पोट मोठं, दोन-तीन पुरुष खोल असे हे जमिनीतले खड्डे. हळद आत भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं कीड नाही, रंग जात नाही. या जमिनीचा तो गुणच. सांगलीच्या हळदबाजारानं आपली पुंजी पिढ्यान् पिढ्या अशी पायाखाली ठेवली. वर कुणी पहारेकरी नाही. भाव आला की तोंड उघडायचं, आतली हवा जाऊ द्यायची आणि मग माणूस उतरवायचा. मुदत ठेव म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?

2005 च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं. हळद गेली, कितीतरी पेवं खचली. 2019 ला पाणी पुन्हा आलं. आता माल बहुतेक गोदामात आणि शीतगृहात असतो. त्याची पावती मिळते, विमा असतो. बँकवाला म्हणून मी खूश व्हायला हवं.

"किल्ला पडला, तरी पडका किल्ला दिसतो," गुरुजी म्हणाले. "पेव बुजलं, की नुसतं रान. कुणी गाडी थांबवून सांगितलं, तर कळणार."

सौ.नं त्यांच्या हातात ठरलेले पैसे ठेवले. त्यांनी ते न मोजता खिशात टाकले. काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्या, ही पाटी माझ्या अगदी जिभेवर आली होती. पण दिवसभर जे पाहिलं, त्यानंतर ती वाचून दाखवायचा धीर होईना.