इनामगाव : तीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव

चार घरे शेजारी शेजारी उभी राहिली म्हणजे गाव होत नाही. पाणी अडविणे, धान्य साठविणे, देव मानणे आणि मृतांची आठवण राखणे या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे गाव होते. महाराष्ट्रात हे गावपण कसे आले, याची उत्तम साक्ष पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी या विद्वानांनी तेथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले.

इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास तेथे पहिली वस्ती झाली. हे लोक दगडाची व थोडी तांब्याची हत्यारे वापरीत. चौकोनी मातीची घरे बांधून ते जव पिकवीत, गुरे व शेळ्या-मेंढ्या पाळीत.

इ. स. पूर्व १४०० ते १००० हा भरभराटीचा काळ. घरे रांगेने उभी राहिली. पुराचे पाणी वळविण्यासाठी दगडमातीचा बांध व कालवा झाला. हे काम एका कुटुंबाचे नव्हे; त्यास सर्वांचे हात व कोणाची तरी आज्ञा लागली असणार. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर व त्यालगत धान्याचे कोठार सापडले. कुंभारादी कारागीर मात्र पश्चिमेच्या कडेस राहत. म्हणजे कोठार आले, तसा लहानमोठेपणाही आला.

हा भेद मरणानंतरही राही. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालून पावले तोडीत. मृताने गाव सोडून जाऊ नये, अशी त्यामागे समजूत असावी. परंतु मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेल्या एका पुरुषाची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा.

एका घराच्या जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या पेटीत कच्च्या मातीची शिरविरहित देवी व बैल मिळाला. देव घरी जपून ठेवण्याची रीत इतकी जुनी आहे.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडे झाले, असे संशोधकांचे मत आहे. दख्खनमधील अशा बहुतेक वसाहती ओसाड पडल्या. इनामगाव आणखी तीनशे वर्षे टिकले, पण ऐपत गेली. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार वाढली. तरीही मृत बालकांना दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची रीत सुटली नाही. घर लहान झाले, परंतु श्रद्धा लहान झाली नाही.

अखेर इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले. बांध, कोठार आणि देव या तिन्हींवर नऊशे वर्षे उभे राहिलेले ते गाव पाण्यावाचून मोडले. देव राखणाऱ्या गावाने पाणी व धान्यही सर्वांनी मिळून राखावे, हा बोध तेथील माती आजही देते.