सोव्हिएत चित्रपटांतील सीमाप्रदेश

सोव्हिएत चित्रपटांत वाळवंट, तैगा आणि दुर्गम दऱ्या वारंवार दिसतात. 1920 च्या दशकाअखेरीस तेथे क्रांती पोहोचवणे, हेच कथानक असे. व्हिक्टर तुरीनच्या ‘तुर्कसिब’ने (1929) मध्य आशियात रेल्वे आणली. मिखाईल कालातोझोव्हच्या ‘सॉल्ट फॉर स्वानेतिया’त (1930) कॉकेशसमधील मिठावाचून हैराण झालेले खेडे आहे, शेवटी रस्ता येतो. प्रचार उघडच, पण लक्षात राहतात ते दगडी बुरूज आणि मिठासाठी आसुसलेली जनावरे.

1930 च्या दशकात सीमा संशयाची जागा बनली. दोव्हझेन्कोच्या ‘एरोग्राद’मध्ये (1935) अतिपूर्वेच्या जंगलात जपानी घुसखोर वावरतात.

पुढे सूर पालटला. पाराजानोव्हने ‘शॅडोज ऑफ फरगॉटन अ‍ॅन्सेस्टर्स’मध्ये (1965) कार्पेथियन पर्वतातील हुत्सुल बोली राखली आणि रशियन डबिंग नाकारले. व्लादिमिर मोतीलचा ‘व्हाइट सन ऑफ द डेझर्ट’ (1970) तर थेट साहसपट. त्यात लाल सैनिक सुखोव्हपेक्षा भाव खाऊन जातो कॅस्पियनकाठचा, झारच्या काळातला जकात अधिकारी वेरेश्चागिन. घरात कॅव्हियारची रेलचेल असूनही तो पावासाठी तळमळतो. उड्डाणापूर्वी हा चित्रपट पाहण्याची अंतराळवीरांची प्रथा आहे.