श्रुतिका
श्रुतिका : केवळ ऐकण्यासाठी रचलेले, आकाशवाणीवरून प्रसारित होणारे नाटक, नभोनाट्य. खास रेडिओसाठी लिहिलेल्या आद्य नाटकांपैकी रिचर्ड ह्यूझ यांचे ‘डेंजर’ बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केले. त्याचे कथानक कोळशाच्या खाणीतील अंधारात घडते, म्हणजे दृश्याचा अभाव येथे उणीव न राहता आशयच होतो. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी रेडिओ केंद्र सुरू झाल्यावर मराठी श्रुतिकेची वाट खुली झाली (पहा : आकाशवाणी). नेपथ्याचे काम संवाद, विराम, पार्श्वसंगीत व ध्वनिसंकेत करतात. करवंट्या आपटून घोड्याच्या टापा उमटवतात, तर ध्वनिक्षेपकापासून मागे सरकत बोलल्याने पात्र दूर गेल्याचा भास होतो. माहितीपर विषय निवेदनाने गुंफला की श्रुतिकेऐवजी रूपक होते. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतील प्रभाकर जोशी, नीलम प्रभू व बाळ कुडतरकर यांचे आवाज घरोघरी ओळखीचे झाले.