अंगावर पित्त उठले की 'एव्हिल'?

वाकोल्यातील औषधाच्या दुकानात अंगावर पित्त उठल्याची तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला 'एव्हिल'चे नाव सांगावे लागत नाही. बहुधा तोच ते घेऊन येतो. फेनिरामाईन मॅलिएट हे या गोळीतील औषध. पहिल्या पिढीतील हिस्टामाईनरोधकांपैकी ते एक. ते भारतात घरोघरी पोहोचवणाऱ्या जर्मन 'हेक्स्ट' कंपनीचे संशोधन केंद्र मुलुंडला होते. पुढे विलीनीकरणांतून हे नाव 'सनोफी'कडे गेले.

अ‍ॅलर्जी झाली की शरीरातील विशिष्ट पेशी हिस्टामाईन सोडतात. ते 'एच-१' ग्राहींना चिकटले की खाज सुटते, गांधी उठतात, शिंका येतात, नाक वाहू लागते. फेनिरामाईन ही जागा आधीच अडवते. त्यामुळे अंगावरील पित्त, कीटकदंश, अ‍ॅलर्जीची सर्दी, तसेच औषधाची किंवा रक्त चढवताना आलेली सौम्य रिअ‍ॅक्शन यांत त्याचा उपयोग होतो. अशा औषधांचा पाया घालणाऱ्या डॅनिएल बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हे औषध मेंदूतही शिरते आणि गुंगी आणते. गोळी घेऊन रिक्षा वा दुचाकी चालवणे, त्यावर मद्य घेणे धोक्याचे. तोंडाला कोरड पडते, लघवी अडू शकते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटची वाढ असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. झोपेची गोळी म्हणून त्याचा वापर तर सर्वस्वी चुकीचा. नंतरच्या पिढीतील फेक्सोफेनाडिनने गुंगी फारच कमी येते.

खरा धोका वेगळाच आहे. अ‍ॅलर्जीचा झटका तीव्र असेल, घसा आवळत असेल, धाप लागली असेल, रक्तदाब कोसळत असेल, तर प्राण वाचवते ते अ‍ॅड्रिनलिन; प्रौढांना साधारण अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. एव्हिलचे इंजेक्शन खाज कमी करते, पण सुजलेला श्वासमार्ग मोकळा करत नाही की कोसळता रक्तदाब सावरत नाही. सर्पदंशावरील प्रतिविष देताना तीव्र रिअ‍ॅक्शन आली तरी हाच क्रम पाळावा लागतो. 'एव्हिल दिले आहे, आता थांबून पाहू' या भरवशावर गेलेली मिनिटे रुग्णाला महागात पडतात.

लहान मुलांबाबत अधिक सावधगिरी हवी. याच कुळातील क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले.